सात घरांचा चमचा

माझ्या नणंदेच्या मुलाला कान नव्हते. कानांच्या जागी शेंगदाण्याएवढे दोन मऊ उंचवटे होते आणि तोंडातली टाळू मधोमध उघडी होती. हृदयही धड नव्हतं, ते पाचव्या दिवशी थांबलं. आमच्या आडबंदरच्या गाबीतवाडीत वर्षभरात जन्मलेलं असलं हे तिसरं मूल.

मूल पुरून परतलेली माणसं घरी गेलीच नाहीत. ती सरळ आरोग्य उपकेंद्रावर चालून गेली. पुढे माझा नवरा साईराज, हातात वल्हं. मी त्याच्या मागे धावले, कारण त्याचा राग मी सहा वर्षं ओळखते. तो आधी हाणतो आणि मग विचारतो, आणि पुष्कळदा विचारायचंही विसरतो.

त्यांना गोळ्यांचं यंत्र फोडायचं होतं. दारात डिसोजा सिस्टर आडवी उभी राहिली. बाई अंगानं किरकोळ, पण दारातून हलेना. साईराजनं वल्हं फिरवलं, तिनं डोकं वाचवायला हात वर धरला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी पायरीवरून ऐकला. मी साईराजची कॉलर धरली तर त्यानं मला मागल्या मागे भिरकावलं. बाकीच्यांनी यंत्राला होडीचा दोर बांधला, कपाटाएवढं ते धूड धक्क्यावरून फरफटत नेलं आणि खाडीत लोटलं. सिस्टर पायरीवर बसून मोडका हात मांडीवर धरून होती. तिच्या पोटात कोणीतरी जाता जाता लाथ घातली. कोणी घातली ते मला माहीत आहे आणि मी ते पुढे कोर्टात सांगितलं.

ते यंत्र काय होतं ते सांगते, म्हणजे माणसं एवढी का पिसाळली ते कळेल. सरकारनं जिल्ह्यातल्या लग्न झालेल्या बायकांना मनगटाला बांधायचा एक पट्टा दिला होता. त्याचं नाव 'चाहूल'. घामातून तो शरीरातले बदल ओळखायचा आणि दिवस राहिले की पाळी चुकायच्याही आधी थरथरून सांगायचा. मग बाईनं उपकेंद्रात जाऊन रक्ताचा एक थेंब यंत्राला द्यायचा. यंत्र त्या थेंबातलं लोह, निरनिराळी जीवनसत्त्वं मोजून तिच्यापुरत्या आठवड्याच्या गोळ्या तयार करायचं. सगळं जागेवर असलं की पट्ट्यावर हिरवा दिवा.

एवढी घाई कशाला, असं मीही सिस्टरला पूर्वी विचारलं होतं. तिचं म्हणणं असं, की बाळाच्या पाठीचा कणा आधी एका नळीसारखा असतो आणि ती नळी पहिल्या महिन्याभरातच मिटते. ती नीट मिटायला फोलिक ॲसिड लागतं. पूर्वी बाईला दिवस गेल्याचं कळून ती गोळी सुरू करेपर्यंत नळी मिटून गेलेली असायची, नाहीतर उघडी राहिलेली असायची. पट्टा आल्यापासून तालुक्यात उघड्या पाठीचं मूल जन्मलेलं नव्हतं. म्हणजे वस्तू चांगलीच होती. फक्त तिची बातमी पट्टा एकट्या बाईला देत नसे. घरातला एक माणूस 'काळजीवाहू' म्हणून नोंदवावा लागे आणि त्याच क्षणी त्याचाही फोन वाजे. आमच्याकडे काळजीवाहू म्हणजे सासू, आणि सासूला कळलं म्हणजे वाडीला कळलं.

यंत्र बुडालं, पण माझ्या हातातला पट्टा चालूच होता. मिताली, म्हणजे माझी नणंद, हिच्या बाळाला जाऊन दहा दिवस झाले त्या दिवशी मी तिच्या घरची भांडी घासत होते. मनगट थरथरलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पट्टा येण्याआधी दोनदा दिवस राहून गेले होते, तिसऱ्यांदाची मी आशाच सोडली होती. राखेनं भरलेले हात तसेच धरून मी हसले, आणि त्याच वेळी ओटीवर सासूबाईंचा फोन वाजला. आत मिताली भिंतीकडे तोंड करून पडली होती. दूध येतच होतं, म्हणून छातीला फडकं बांधलेलं. तिच्या घरात बसून मी हसले होते.

संध्याकाळी साईराजनं मासे कापायच्या सुरीनं माझा पट्टा कापला. पट्ट्याबरोबर थोडं मनगटही कापलं गेलं. त्याला ते दिसलंही नाही, इतका तो रडत होता. "आता एकय गोळी ह्या घरात येवची नाय," तो म्हणाला. सासूबाईंनी जखमेवर हळद दाबली आणि म्हणाल्या, की आता आपलं जुनं तेच करायचं, सात घरांचा चमचा.

हा चमचा आमच्या वाडीखेरीज कुठे आहे असं मला वाटत नाही. पहिलटकरणीला सात घरं मुशीच्या काळजाचं तेल पाजतात. मुशी म्हणजे मोठा शार्क मासा. त्याचं काळीज, म्हणजे यकृत, मंद विस्तवावर कढवलं की पिवळंजर्द तेल सुटतं. रोज एका घराची बाई येते, आपल्या घरचा एक चमचा पोरीच्या तोंडात रिकामा करते आणि जीभ बाहेर काढायला लावून गिळलं की नाही ते पाहते. सात दिवसांत सात घरं. दर्यानं सात घरांची ओळख ठेवावी आणि मूल आपलं मानावं, असा त्यातला भाव. ह्या तेलाला वाडीत कोणी औषध म्हणत नाही आणि खाणंही म्हणत नाही. तो आशीर्वाद.

ह्याला घरातलं शिळं तेल चालत नाही, ताजी मुशी लागते. साईराज दुसऱ्या दिवशी समुद्रात गेला. मुशी मारायला बंदी आहे, पण बंदी झाल्यापासून दर्यात जुन्या, अजस्र मुशी पुन्हा दिसू लागल्यात आणि त्या जाळ्यात आपणहून अडकतात, असं होड्या चालवणारे सगळे तांडेल शपथेवर सांगतात. तो परतेपर्यंतचे दिवस माझे होते. मला गोळीची भीती वाटत होती आणि गोळी न घेण्याचीही. उघड्या पाठीचं मूल मी लहानपणी पाहिलेलं आहे. म्हणून मी एक सुरमई फडक्यात गुंडाळली आणि सिस्टरकडे गेले.

ती चर्चच्या मागे तिच्या भावाकडे राहत होती. हात प्लास्टरमध्ये. तिनं मला आत घेतलं नाही. माझ्या नवऱ्यानं हात मोडला, आता मी काय मोडायला आले, असं तिनं विचारलं. मी सुरमई पायरीवर ठेवली आणि सांगितलं, की मला दिवस गेलेत. मग तिनं माझं कापलेलं मनगट पाहिलं आणि ती बाजूला सरकली.

आत गेल्यावर ती तडक मुद्द्यावर आली. हाच पट्टा, हेच यंत्र, ह्याच गोळ्या आजूबाजूच्या सगळ्या गावांत आहेत आणि तिथली मुलं धडधाकट आहेत. मग तुमच्याच वाडीत तीन का? तिन्ही बायकांना तिनं विचारलं होतं, दुसरं काही घेता का, टॉनिक, काढा, तेल, कोणी दिलेल्या गोळ्या? तिघीही नाही म्हणाल्या होत्या.

"खरंच नाय घेत," मी म्हणाले. "चमचो सोडलो तर काय एक नाय."

तिनं विचारलं, कसला चमचा. सिस्टर वेंगुर्ल्याची, तिला आमच्या वाडीतलं हे ठाऊक नव्हतं. मी सांगू लागले आणि ती उठून उभी राहिली.

"पण हा तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात म्हणतेस. मग आधीची मुलं कशी चांगली झाली?"

मी बोटांवर महिने मोजायला लागले आणि मोजता मोजता उत्तर माझं मलाच सापडलं. आधी हा चमचा पाचव्या महिन्यात द्यायचे. पोट दिसल्याशिवाय बाई कोणाला सांगतच नसे, दृष्ट लागते म्हणून. आता सासूचा फोन तिसऱ्या आठवड्यात वाजतो आणि चौथ्यात तेल सुरू होतं. मितालीला तिच्या आईनं पहिला चमचा पाजला तेव्हा तिची पाळी चुकून चार दिवससुद्धा झाले नव्हते.

सिस्टरनं मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मुशीच्या काळजात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. ते माणसाला लागतं, पोटुशीलाही लागतं, पण थोडं. बाळाचा चेहरा, कान, हृदय घडत असतात त्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ते फार झालं तर घडण बिघडते. पाचव्या महिन्यात हे अवयव घडून गेलेले असतात, म्हणून आमच्या आज्या-पणज्या निभावून गेल्या. तेव्हाही ते चांगलं नव्हतंच, पण घाव बसायची वेळ टळलेली असे. त्यात मुशी जितकी जुनी तितकं तिच्या काळजात हे जास्त साठतं. आताच्या एका चमच्यात पोटुशीला सोसेल त्याच्या कितीतरी पट माल असणार, आणि असे सात.

मग यंत्रानं हिरवा दिवा कसा दाखवला, मी विचारलं. ती म्हणाली, बर्फाचा कारखाना बघितलायस ना? आत लाद्यांची थप्पी छताला टेकली तरी दारातून रोज ठरल्या तेवढ्याच लाद्या बाहेर पडतात. आपलं यकृत तसंच. जादा माल आत रचून ठेवतं आणि रक्तात बेतानं सोडतं. यंत्र दारात बसून लाद्या मोजत होतं. फार उशीर झाल्यावर माल भलत्याच रूपात रक्तात उतू जातो, पण ते रूप मोजायची सोयच त्यात नव्हती. ज्यांनी यंत्र केलं त्यांच्या डोक्यात गोळ्या होत्या, मुशी नव्हती.

तिनं मला दुकानात मिळते तसली साधी फोलिक ॲसिडची पट्टी दिली आणि दम भरल्यासारखं बजावलं. रोज एक. एखादी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. हिनं दिली म्हणून एक आणि तिनं दिली म्हणून दुसरी, असं तर मुळीच नाही, कारण प्रत्येक बाटलीत थोडं थोडं तेच असतं आणि बेरीज बाटली करत नाही. जे काही तोंडात जाईल, मग तो प्रसाद असो नाहीतर आशीर्वाद, ते एका माणसाला सांगायचं. लोहाची गोळी पुढे सुरू होईल तेव्हा ती चहाबरोबर घ्यायची नाही. आणि काळीज कुठल्याच जनावराचं नको.

"हे वाडीत कोण सांगणार?" मी विचारलं.

"मी एक हात दिलाय," ती म्हणाली. "दुसरा मला लागतो."

घरी येताना मी पळवाटा शोधत होते. माहेरी जावं तर साईराज फरफटत आणणार. तेल गालात धरून थुंकावं तर जीभ तपासतात. उरली एकच गोष्ट, नको म्हणणं. आणि नको म्हटलं तर का ते सांगावं लागणार. ते मितालीच्या देखत सांगावं लागणार, की तुझं बाळ गोळीनं गेलं नाही, तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं पाजलेल्या तेलानं गेलं. मी आणि मिताली मासळीच्या लिलावाच्या कट्ट्यावर एकत्र उभ्या राहायचो. मी भाव पुकारायचे, ती टोपल्या उचलायची. तिच्याशी मी आजवर खोटं बोलले नव्हते, पण हे खरं बोलण्यापेक्षा मेलेलं बरं असं मला वाटलं. मग मी पोटावर हात ठेवला आणि ते वाटणं बाजूला ठेवलं.

साईराज मुशी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या अंगणात सातही घरच्या बायका जमल्या. इतकं वाईट वर्ष गेलं होतं, की ह्या वेळी सगळ्यांनी मिळून विधी सुरू करायचा ठरलं होतं. प्रत्येकीनं आपापल्या घरी त्या काळजाचा वाटा कढवून तेल बाटलीत आणलं होतं. मितालीलाही आणून बसवलं होतं. सासूबाई चमचा भरून पुढे आल्या. चेहऱ्यावर इतकी माया, की क्षणभर मीच डगमगले.

मी तोंड मिटून घेतलं. आधी त्यांनी समजावलं. मग एकीनं माझा दंड धरला, दुसरीनं डोकं मागे ओढलं. साईराजनं पाठीमागून माझे दोन्ही हात पिळून धरले. सासूबाईंनी माझं नाक दाबलं आणि श्वासासाठी तोंड उघडताच चमचा आत खुपसला. चमचा जाडजूड पितळी. माझा पुढचा दात मोडला. मी त्यांचं बोट चावलं, हाड लागेपर्यंत चावलं, आणि तेल, रक्त, दाताचा तुकडा सगळं त्यांच्या पदरावर थुंकलं. साईराजनं मला फिरवून कानाखाली मारली. मी खाली पडताना फक्त पोट सांभाळलं. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी पायाशी पडलेला नारळाचा कोयता उचलला आणि त्याच्या पोटरीवर ओढला. तो कोसळला. अंगणात गोंधळ माजला, आणि त्या गोंधळात मी ते बोलले.

मी सगळं सांगितलं, पाचवा महिना, चौथा आठवडा, कान, हृदय. मोडक्या दातातून हवा जात होती, तरी सगळ्यांना कळलं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "आमी तर एकच चमचो दिलंव," एक म्हणाली, आणि बाकीच्यांनीही तेच म्हटलं. खरंच होतं ते. प्रत्येकीनं एकच दिला होता.

मिताली उठली. मला वाटलं, ती रडेल. तिनं तुळशीजवळचा चिरा उचलला आणि माझ्या अंगावर फेकला. तो खांद्याला लागला. मग ती स्वतःच माझ्यावर येऊन पडली आणि माझं तोंड, मान, जे हाताला लागेल ते ओरबाडू लागली. "माज्या आवशीक नाव ठेवतंस," एवढंच ती आईच्या बाजूनं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला मारलं नाही. तिच्या छातीवरचं फडकं ओलं होतं.

तिला सासूबाईंनीच मागे ओढलं. त्यांच्या बोटातून रक्त गळत होतं. त्यांनी एकेकीच्या हातातली बाटली घेतली आणि सगळं तेल एका वाडग्यात ओतलं.

"तां तेल आसा, विख नाय," त्या म्हणाल्या. "आता बघ."

आणि उभ्या उभ्या तो वाडगा त्यांनी तोंडाला लावला. कोणी अडवलं नाही. मीही नाही. त्यांनी तळ दाखवला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. वाडीला तेवढं पुरलं. मी कोयता हातात धरूनच अंगणातून बाहेर पडले ती सिस्टरच्या घरी गेले. तिनं ह्या वेळी दार उघडंच ठेवलं होतं.

अति तेथे माती हे आपण ताटावर बसून म्हणतो, पण शरीर ते अक्षरशः मानतं. दुपार टळायच्या आत सासूबाईंचं डोकं फुटायला आलं. मग ओकाऱ्या, चक्कर, उजेड सहन होईना. डॉक्टरकडे नेतो म्हटलं तर त्यांनी नकार दिला, कारण दवाखान्यात जाणं म्हणजे माझं खरं मानणं. आणखी दोन-तीन दिवसांनी त्यांच्या ओठांभोवतीची कातडी सोलवटू लागली. मग तळहातांची, मग तळपायांची. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी. हे मला शेजारणीनं येऊन सांगितलं आणि सिस्टर म्हणाली, मोठ्या माणसाला हे अति झालं की असंच होतं, यकृताला झेपलं तर बाई वाचेल.

साईराजचं निदान वेगळं होतं. बायकोनं आणि सिस्टरनं मिळून आईवर विषप्रयोग केला, वाडग्यात काहीतरी मिसळलं. वडाची साल पिंपळाला लावायची म्हटलं की ह्या माणसाला अक्कल सुचते. मी लिलावाच्या कट्ट्यावर कामाला जातच होते, कारण सिस्टरच्या भावाच्या जिवावर किती दिवस जेवणार. तिथे तो सकाळी आला. पोटरीला पट्टी, हातात कोयता, बरोबर चार जण. आधी मला आणि मग सिस्टरला, असा बेत होता आणि तो त्यांनी मोठ्यानं बोलूनही दाखवला.

मी बोंबलांच्या ढिगामागे होते. त्यानं ढीग तुडवत येऊन माझे केस धरले आणि मला ओल्या फरशीवर पाडलं. मी कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले. पाठीत लाथ बसली, मग दुसरी. एका कोळणीनं त्याच्या डोक्यात बर्फाची लादी घातली. तो हलला, पण केस सुटले नाहीत. त्यानं कोयता उचललेला मला दिसला. त्या वेळी मला कोणाचा राग आला नाही. मी फक्त पोटातल्याला म्हणाले, की मी सांगितलं होतं, निदान तुझ्यापायी खरं सांगितलं होतं.

"साई, सोड तेका."

सासूबाई कट्ट्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. दोघींच्या आधारानं आल्या होत्या. चेहऱ्याची कातडी पापुद्र्यासारखी लोंबत होती आणि खाली लाल मांस दिसत होतं. उजेडात डोळे उघडत नव्हते. त्यांनी दोन्ही तळहात वर करून सगळ्या बाजाराला दाखवले.

"कोणी काय मिसळूक नाय. मियां माज्या हातान पियालंय. माझी ही गत झाली, तर त्या शेंगदाण्याएवढ्या पोराचा काय झाला असात." मग त्या थांबल्या. त्यांच्या मागे मिताली उभी होती, आईला धरून आणणाऱ्या दोघींपैकी ती एक होती. सासूबाई वळल्या आणि तिला म्हणाल्या, "मियां पाजलंय गो बाय. तुज्या झिलाक मियां मारलंय."

साईराजच्या हातातला कोयता गळून पडला. 

मितालीनं आईचा हात सोडला. सासूबाई तोल जाऊन पडल्या. मितालीनं त्यांना उठवलं नाही, ती त्यांच्या छातीवर बसली आणि त्या सोललेल्या तोंडावर मारू लागली. आधी हातानं, मग मिळालेल्या प्लास्टिकच्या क्रेटनं. सासूबाईंनी हात वर केला नाही. एकदासुद्धा नाही. बाजारातली माणसं बघत राहिली, कारण आईला मारणाऱ्या लेकीला कसं अडवायचं ते कोणाला माहीत नसतं. मी गुडघ्यांवर रांगत गेले आणि मितालीच्या कमरेला मिठी मारून मागे झाले. तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मी सोडलं नाही. "पुरे," मी म्हणाले. "त्यांका म्हायती नव्हता." ती माझ्या अंगावर उताणी पडून ओरडू लागली, आणि मीही ओरडले, त्या बाईसाठी जिनं माझा दात पाडला होता.

पोलीस आले. साईराजवर सिस्टरनं तक्रार दिली, मीही दिली, आणि तो आत गेला. जामिनाला मी गेले नाही. सासूबाई जिल्ह्याच्या दवाखान्यात महिनाभर होत्या. वाचल्या, पण यकृत दुखावलं ते दुखावलंच. मुंबईहून यंत्र करणारी माणसं आली, मान डोलावून गेली. आता पट्टा आधी फक्त बाईलाच कळवतो आणि बातमी कोणाला द्यायची ते तीच ठरवते. नव्या यंत्रासमोर सिस्टर प्रत्येकीला विचारते, आशीर्वाद म्हणून काय खाल्लं? माझी मुलगी वेळेवर झाली, धडधाकट आणि माझ्यासारखीच तोंडाळ. मी तिला घेऊन वेगळी राहते आणि भाव पुकारते.

ह्या पौषात मितालीचा पट्टा थरथरला. तिनं पहिल्यांदा मला सांगितलं, आणि आठवडाभरानं आईला. रोज सकाळी मी तिच्या घरी जाते आणि ती माझ्यासमोर तिची एक गोळी पाण्याबरोबर घेते. वाडीत अजून दोन घरं अशी आहेत, ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं. त्यांच्यातली एक म्हातारी परवा पदराखाली बाटली घेऊन मितालीच्या दारी आली. सासूबाई पायरीवर बसलेल्या होत्या.  बसल्या जागेवरून काठी उचलून त्यांनी म्हातारीच्या हातावर अशी मारली, की बाटली फुटली आणि म्हातारीचं बोटही फुटलं. ह्या दोघी बालमैत्रिणी.

सासूबाई त्या पायरीवर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसतात. ऊन त्यांना सोसत नाही, डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघतात. मी गोळी द्यायला जाते तेव्हा सरकून वाट देतात आणि आत मान वळवून पाहतात, आपली लेक दिसते का म्हणून. मिताली आतून एक तांब्या पाणी माझ्या हाती देते, आईला द्यायला. दार मात्र ती लावून घेते. मी एकदा म्हटलं, आत घे गो तेंका. मिताली पोटावर हात ठेवून म्हणाली, "ह्याका होवंदे आधी." आणि झाल्यावर, असं मी विचारलं. तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला आणि दार लावून घेतलं.